चार रविवारांची खडखड

चार रविवार नवरा इंजिनाची खडखड दाखवायला म्हणून जुनी मोटारसायकल घेऊन गेला आणि संध्याकाळी खडखडतच परतला. सोमवारी मीच ती गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाशी धरली. "टायमिंग चेन सैल झालीय." झाकणाचे बोल्ट गंजून बसले होते. "वहिनी, हे वर्षानुवर्षं कुणी उघडलेलंच नाही." मग चार रविवार हा जात कुठे होता? नवी चेन बसताच इंजिन शहाण्यासारखं चालू लागलं. रविवारी नवऱ्याने किल्ली उचलली. "खडखड थांबली, मग कुठे?" मी विचारलं. तो ओशाळला. "पहिल्या बायकोच्या आईकडे. लेक गेल्यापासून एकट्याच असतात." माझा विश्वास बसेना. कुलूप लावून मीही मागे बसले. तिथे म्हातारीने दार किलकिलं करून मला संशयाने न्याहाळलं. "जावईबापू, ही कोण?" नवरा गोंधळला. मीच म्हणाले, "आई, तुमची धाकटी लेक."