गार उजेड

तो पोलिसांच्या प्रयोगशाळेत कामाला होता. "ते चमकणारं पाणी दाखवा ना," असा लेकीनं महिनाभर धोशा लावला, तेव्हा रविवारी तो तपासाच्या द्रावणाची एक बाटली घेऊन आला. बाथरूमची खिडकी पुठ्ठ्यानं झाकून त्यानं दिवा मालवला, सुईनं बोट टोचून रक्ताचा एक थेंब फरशीवर पाडला आणि फरशीवर, भिंतींवर सगळीकडे फवारा मारला. "आता बघ. पुसून टाकलेलं रक्तसुद्धा यानं चमकतं. आणि त्या उजेडाला ऊब म्हणून नसते."

थेंब निळा झाला. लेकीनं टाळ्या पिटल्या.

"बाबा, तिकडे पण! भिंतीवर पण!"

नळापासून मोरीच्या जाळीपर्यंत निळा ओघळ उमटला होता आणि भिंतीवर घसरत गेलेली पाच बोटं. लेकीनं त्यांवर आपला पंजा ठेवला. "खरंच की, गारच आहे!"

"पुरे झाला खेळ," दारातून त्याचे वडील म्हणाले. "दिवा लाव."

दिवा न लावता त्यानं लेकीला भिंतीपासून मागे ओढलं.

सहा वर्षांपूर्वी तो परगावाहून परतला, तेव्हा ओल्या केसांनी बसलेले वडील त्याला म्हणाले होते, "तुझी ताई पळाली कुणाचा तरी हात धरून. मी तिच्या नावानं अंघोळ केली."