प्रत्यक्षदर्शी

कोर्टातल्या पडद्यावर कुन-हायची बस तिसऱ्यांदा लाल सिग्नल तोडून चौकात शिरली. डावीकडून स्कूटर आली. स्कूटरवरच्या राखाडी बाहुलीला चेहरा नव्हता. तरी ती हवेत उडाली, तशी मेलेल्या शिक्षिकेच्या आईनं मान खाली घातली.

“सिग्नल हिरवा होता,” कुन-हाय म्हणाला. एकतीस वर्षं तो तैवानमधल्या ताइनान शहरात बस चालवत होता.

त्याच्या वकीलबाईंनी ती संगणकी फिल्म बनवणाऱ्या तज्ज्ञाला विचारलं, “बसमधला कॅमेरा बंद होता. मग सिग्नल लाल होता, हे तुमच्या संगणकाला कुणी सांगितलं?”

“साक्षीदारानं. कोपऱ्यावर पेज विकणाऱ्या ल्याओ बाईंनी. त्यांनी जे पाहिलं, तेच आम्ही दाखवलं. संगणक मनानं काही रचत नाही.”

ल्याओ बाईंनीही शपथेवर सिग्नल लाल असल्याचंच सांगितलं.

दुपारच्या सुट्टीत बायकोनं त्याला बाजूला घेतलं. “खरं सांग. डोळा लागला होता तुझा?”

“नाही.”

“मग सगळ्यांना दिसलं ते काय खोटं?”

डोळे मिटले की आता त्यालाही तीच बस दिसे, तोच लाल दिवा. पुढच्या सुनावणीला त्यानं गुन्हा कबूल केला आणि त्या आईसमोर गुडघे टेकले. ती भिंतीकडे बघत राहिली.

चौदा महिन्यांनी तो तुरुंगातून सुटला. बायको माहेरी निघून गेली होती. एका सकाळी तो त्याच चौकात गेला. ल्याओ बाईंनी त्याला लगेच ओळखलं. न विचारताच माशाची पेज समोर ठेवली, वर चिमूटभर जास्तीचं आलं घातलं.

“माझ्यावर राग नाही ना, दादा?”

“तुमच्यावर कशाला? तुम्ही पाहिलं ते सांगितलंत. माणूस मारला तो मी.”

बाई बराच वेळ कोरडाच ओटा पुसत राहिल्या.

“पाहिलं कुठं, दादा? मी मासे साफ करत होते. धाडकन आवाज आला तेव्हा मान वर केली. पोलिसांना पहिल्यांदा तसंच सांगितलं होतं मी.”

कुन-हायच्या हातातला चमचा थांबला. “मग लाल सिग्नल?”

“त्यांच्यातलाच एक साहेब पुन्हा आला, लॅपटॉप घेऊन. कोर्टात दाखवली तीच फिल्म लावली आणि म्हणाला, ‘असंच झालं ना, मावशी?’ त्यात सगळं इतकं स्पष्ट दिसत होतं, की मी हो म्हटलं.”