आधीचाच बरा होता

"पाचव्या अल्बमवर तू नाहीस, ट्रेव्हर," क्लाइव्ह म्हणाला. "सहाव्यावरही नाहीस. तेव्हा तू टेलफोर्डला मोटारींच्या काचा बसवत होतास."

"घसा बसला होता माझा."

"आठ वर्षं?"

मध्यस्थ ओर्मरॉडबाईंनी दोघांपुढे बिस्किटांची बशी सरकवली. वुल्व्हरहॅम्प्टनमधली कुंपणांची भांडणं मिटवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. हेही त्यांना फारसं वेगळं वाटत नव्हतं.

भांडण नावाचं होतं. 'कास्ट आयर्न बिशप' या बँडला पन्नास वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तेवीस माणसं येऊन गेली. एका ड्रमरला दोनदा काढलं, त्यातलं दुसऱ्यांदा चुकून. गेली वीस वर्षं नाव गिटारवाल्या क्लाइव्हकडे होतं आणि त्याच्या बँडमध्ये गायला नातवाच्या वयाचा एक पोरगा होता. ट्रेव्हर पार्जेटर पंचाहत्तरीला आला होता. नाव मिळालं तर निरोपाचा कार्यक्रम तीन हजार खुर्च्यांच्या सभागृहात. नाही मिळालं तर डडलीतल्या पबची मागची खोली, आणि दारावर खडूने 'बिशपचा माजी गायक'.

करारातलं कलम चौऱ्याहत्तर सालच्या मॅनेजरने लिहिलेलं होतं. तो मूळचा जुन्या गाड्या विकणारा, त्यामुळे कलम पक्कं होतं. जो बँडच्या प्रत्येक लाइव्ह अल्बमवर ऐकू येईल, नाव त्याचं. असा कोणीच नसेल, तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहील. लाइव्ह अल्बम सात होते. क्लाइव्ह दुसऱ्यापासून होता. ट्रेव्हर पाचांवर होता.

"बाई, माणूस नसला तरी असतो," ट्रेव्हर म्हणाला. "पाचवा लावा. दुसरं गाणं, शेवट."

गाणं संपत आलं. टाळ्यांचा लोंढा आला आणि त्यातून एक दणकट आवाज वर आला, "आधीचाच बरा होता!"

ट्रेव्हरने डोळे मिटले होते.

"आधीचा म्हणजे मी," तो म्हणाला. "सहाव्यावरही हेच. मी बँड सोडून सात वर्षं झाली होती, तरी लोक विसरले नव्हते. माझ्या जागी आलेला कॉव्हेंट्रीचा तो पोरगा हे ऐकून रडला होता म्हणे."

"रडला होता," क्लाइव्हने कबूल केलं. त्याच्या नव्या पोरानेही मागच्या महिन्यात ते ऐकलं होतं आणि तेव्हापासून तो जेवत नव्हता.

ओर्मरॉडबाईंनी चष्मा पुसला. "पण ही तुमची आठवण झाली, मिस्टर पार्जेटर. कलमात ऐकू येणं आहे."

तेव्हा मॉरीन खाकरली. सातही अल्बम तिने ध्वनिमुद्रित केले होते. आज ती दोन्ही बाजूंची साक्षीदार होती, कारण तिच्याखेरीज कुणाला काही आठवत नव्हतं.

"ऐकू येतो तो," ती म्हणाली. "श्रोते सातही अल्बमवर एकच आहेत."

"म्हणजे?"

"एकदा चांगले मिळाले होते. पुढे गर्दी कमी व्हायला लागली. मग मी दर वेळी तेच लावले."

विरजण लावावं तसं सांगितलं तिने.

"मिळाले कधी?" ओर्मरॉडबाईंनी विचारलं.

मॉरीनने ट्रेव्हरकडे पाहिलं नाही. "चौऱ्याहत्तर. बिल्स्टन. ट्रेव्हरची पहिली रात्र. आधीचा गायक लेस, त्याला त्याच आठवड्यात काढला होता. लेस बिल्स्टनचाच."

खोलीत कुणीतरी बिस्कीट मोडलं. ते मोडलेलं ऐकू आलं.

"तो श्रोता ओरडतो, तेव्हा ट्रेव्हर शेवटचा सूर लावून उभा आहे," मॉरीन म्हणाली. "टाळ्यांच्या मागे राहिलाय तो सूर. मी खूप घासला, निघाला नाही." तिने आवाज वाढवला. टाळ्यांच्या तळाशी एक कोवळा, उंच सूर थरथरत होता. सहावा लावला, तिथेही तोच. सातव्यावर तर ट्रेव्हर पंचेचाळिसाव्या वर्षी गाऊन संपवत होता आणि मागे चोविसाव्या वर्षी संपवतच नव्हता.

"मग प्रश्न मिटला," ओर्मरॉडबाई म्हणाल्या. त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि कागद ट्रेव्हरपुढे ठेवला. "हा तुकडा आपल्या पहिल्या रात्रीचा आहे आणि त्यातला सूर आपला आहे, एवढं मान्य करा. नाव आपलं."

ट्रेव्हरने पेन उचललं. पहिली ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"कर की सही, म्हाताऱ्या," क्लाइव्ह म्हणाला. हरलेल्या माणसाच्या मानाने तो फारच हळुवार बोलला. "जिंकलास."

"मॉरीनचं वय झालंय," ट्रेव्हर म्हणाला. "हा तुकडा पाचव्याच्या वेळचा, अठ्ठ्याऐंशीचा आहे."

"ट्रेव्हर, माझ्याकडे मूळ टेप आहे," मॉरीन म्हणाली. "डब्यावर तारीख आहे."

"डबे बदलतात."

"आणि तो सूर?" ओर्मरॉडबाईंनी विचारलं. "तो कुणाचा?"

"असेल कुणाचा तरी. कच्चा आहे." त्याने पेनाला टोपण लावलं आणि सही न करताच कागद क्लाइव्हकडे सरकवला. "नाव तुझ्याकडेच राहू दे. लिही, माझी एकच अट आहे."

क्लाइव्हने लिहायला घेतलं.

"यंदाच्या लाइव्ह अल्बमला वाजवणारे हवे तेवढे बदल. ऐकणारे तेच ठेव."