पाणबुडीतला बिघाड

जावईबापूंनी पाणबुडीच्या गेममध्ये इतके फुकटचे मॉड, म्हणजे नेटवरून उतरवलेले जोड-बदल, कोंबले, की दोन वर्षं सेव्ह करत आणलेला खेळ एके दिवशी उघडेचना. त्या पाणबुडीवरच्या खलाशांना घरच्यांची नावं देऊन त्यांनी अख्खी सासुरवाडी कामाला जुंपली होती. टॉर्पेडो सोडायला सासूबाई, इंजिनाशी मेहुणा, पाण्यातली बारीकसारीक कुजबुज टिपायला बायको, आणि कप्तान अर्थातच स्वतः. खलाशांचा उत्साह कधी चाळीस टक्क्यांच्या वर गेला नव्हता आणि त्याचं खापर ते सासूबाईंवर फोडत.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मेहुणा फोनवर म्हणाला, "दाजी, सेव्हच्या फाइलमध्ये कुणातरी एका खलाशाची नोंद बिघडलीये. एकेकाला काढून गेम उघडतोय का बघा."

"सुरुवात कुणापासून करायची ते ठरलंय!"

सासूबाई गेल्या, गेम ढिम्म. मग मेहुण्याला काढलं. मग मागे कुणी उभं नाही ना, हे बघून बायकोलाही. तरी ढिम्म. शेवटी सगळ्यांना परत घेतलं आणि जड मनाने त्यांनी स्वतःचं नाव खोडलं.

पाणबुडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.



कप्तानाची जागा रिकामी होती आणि खलाशांचा उत्साह शंभर टक्के!