बंद खोलीतला दिवा

उजेडालाही आता माणूस ओळखता येतो, ही मानवजातीची केवढी झेप! फक्त मी खुर्चीत निवांत बसलो की तो मला फर्निचर समजून विझायचा. म्हणून वायरमनला बोलावलं.

"सगळ्या खोल्यांचे सेन्सर एकमेकांशी जुळवले, काका. आता श्वाससुद्धा पकडतील."

तेवढ्यात बंद खोलीच्या दाराखालून उजेड आला. बायको गेल्यापासून तिथे कुणी जात नाही. ती आजारी असताना तिथूनच हाका मारायची. मी गुडघ्यांचं निमित्त काढून इथूनच ओ द्यायचो.

"आत कोण झोपलंय?"

"कुणी नाही."

तो मोबाइलवर त्या खोलीच्या सेन्सरची नोंद बघत राहिला. "तुम्ही बोललात की तिथला श्वास थांबतो. जरा बघून येता?"

"तूच जा ना," मी पुटपुटलो. "माझे गुडघे दुखतात."