न्यायाधीशबाईंच्या कुड्या

वकीलबाईंनी वृषालीच्या कपाळाला पट्टा बांधला आणि दुसरा न्यायाधीशबाईंपुढे ठेवला. वृषालीने खाल्लेला मार आता तिच्या आठवणीतून त्यांच्या अंगावर उमटणार होता. तो सोसल्याशिवाय घटस्फोटाचा निकाल द्यायचा नाही, असा कायदाच झाला होता.

“बाईंना खरंच दुखेल?” वृषालीने हळूच विचारलं.

“दुखू दे की! त्याशिवाय कळायचं नाही यांना,” वकीलबाई फणकारल्या.

न्यायाधीशबाईंनी पट्टा हातात घेतला, पण तो बांधण्याआधी कानांतल्या कुड्या काढून टेबलावर ठेवल्या.

“मॅडम, कुड्या असल्या तरी चालतं,” कारकून म्हणाला.

“असू दे. सवय आहे,” त्या पुटपुटल्या.

वृषालीने टेबलावरच्या कुड्यांकडे पाहिलं. नवऱ्याची मोटारसायकल दारात वाजली की, कान फाटू नयेत म्हणून तीही आधी कुड्याच काढायची.

तिने आपला पट्टा सोडला.

“नको वकीलबाई,” ती म्हणाली, “त्यांना ठाऊक आहे.”