बटण दाबून धर

घरातला जुना कॅमेरा काही केल्या चालू होईना, म्हणून बारकूबाईनं लेकाला, भाविकला फोन लावला. खाडीपलीकडे ठाण्यात तो राहायचा तो टॉवर तिच्या कशेळीतल्या घरातून दिसायचा.

"आये, बॅटरी काढ. फडक्यानं पूस. उलटी न्हाय ना घातलीस? आता बटण दाबून धर."

एरवी 'जेवलीस का'च्या पुढे न जाणारा लेक आज भरभरून बोलत होता. तेवढ्यात कॅमेऱ्याची नळी सुर्रकन पुढे आली, पडद्यावर उजेड पडला. बारकूबाईनं तो घाईघाईनं पदराखाली झाकला.

"झाला चालू?"

"न्हाय रं बाबा. आता काय करू?"

"टाकून दे. नवा पाठवतो कुरियरनं. म्हंजी तुला सारखा फोन करायचा तरास नको."